चार बोटांचा उंबरा

ओतूर,
ता. ८ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. ठकू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. बस. इथे बाजारतळाशेजारी गाळ्यांची नवी इमारत उभी राहतेय आणि तुझा भाऊ तिथला मुकादम आहे. म्हणजे सिमेंट संपलं तरी शिव्या मला, आणि उरलं तरी मलाच.

आता मुद्द्याचं. सहा नंबरचा गाळा अपंगांच्या कोट्यातल्या एसटीडी बूथसाठी ठेवलाय. जूनमध्ये आपण अर्ज केला होता, त्या यादीत तुझं नाव पहिलं आलं आहे. अट एवढीच, की ज्याच्या नावाचा बूथ त्यानंच दिवसभर तिथे बसायचं. फेब्रुवारीत साहेब पाहणीला येतील, तेव्हा तू बसून दाखवायचं. नाही जमलं तर बूथ यादीतल्या पुढच्याला जाईल.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. दवाखाना सोडला तर चार वर्षांत तू लोणीबाहेर पडली नाहीस, आणि का पडत नाहीस हेही मला ठाऊक आहे. इमारतीत शौचालयं आहेत, त्यातलं एक अपंगांसाठी. त्याचा नकाशा पुण्याहून आला तो बघून मी कपाळावर हात मारला. दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, आणि आत दोन पायऱ्या चढून जमिनीत बसवलेलं भांडं! खुर्चीतल्या माणसानं बाहेरून चित्र बघायचं आणि घरी जायचं बहुतेक. ठेकेदाराच्या मागे लागून मी ते आपल्या मनासारखं बांधायची परवानगी काढली आहे. पण मनासारखं म्हणजे कसं, ते मला तरी कुठे कळतंय? तू माप कळव. सगळं माप.

ती. आईस नमस्कार. माझा लोभ आहेच, तुझाही राहू दे.

तुझा दादा,
अमृत


लोणी,
ता. १९ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. कांद्याची लागण उरकली. आईचा गुडघा दुखतो. पाकिटावर सौ. लिहीत जाऊ नकोस. पोस्टमनला अवघडल्यासारखं होतं. मला काही होत नाही.

माप म्हटल्यावर मला आधी लग्नातलं आठवलं, उंबऱ्यावर तांदळानं भरून ठेवलेलं. हळू लवंड असं सासूबाईंनी तीनदा बजावलं होतं. मी इतक्या जोरात लवंडलं की तांदूळ चुलीपर्यंत गेले आणि सगळे हसले. दोन वर्षांनी कांद्याची ट्रॉली माझ्यासकट उलटली. दवाखान्यातून परत आणल्यावर आठच दिवसांत त्याच उंबऱ्यावरून मला चौघांनी उचलून जीपमध्ये ठेवलं, महिनाभर माहेरी म्हणून. तो महिना अजून चालू आहे.

खुर्ची सव्वीस इंच रुंद. चाकं फिरवताना कोपरं बाहेर येतात, म्हणून दार छत्तीस इंची हवं आणि बाहेर उघडणारं हवं. आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर दार लागत नाही. भांडं खुर्चीच्या बैठकीइतकं उंच, एकोणीस इंच. शेजारच्या भिंतीत लोखंडी नळीचा दांडा, माझा सगळा भार पेलेल असा. खुर्ची फिरायला पाच फूट मोकळी जागा. पायरी नको, उतार कर. एक इंच उंचीला बारा इंच लांबी धर, नाहीतर हातांचा दम पुरत नाही. नळ आणि कडी बसल्या जागेवरून हाताला लागावी. हे मी आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं आहे.

आणखी एक तुला माहीत असावं. जायची वेळ झाली हे मला आतून कळत नाही. घड्याळाला कळतं. दर तीन तासांनी गेलंच पाहिजे, अशी दवाखान्याची शिस्त आहे. म्हणून कुठे जायचं असलं की आदल्या दुपारपासून मी पाणी बंद करते. रोज बूथवर बसायचं तर रोज असं करता येणार नाही.

आणि मला कुणी उचलायचं नाही. बाकी कसंही बांध. उचलावं लागेल असं काही ठेवू नकोस. एवढं एकच मागते.

वहिनीस नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

ठकू


ओतूर,
ता. २४ जानेवारी १९९९

चि. ठकू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

सौ. काढून टाकलं. आई रागावली तर तुझं नाव सांगणार आहे.

बांधून झालं! अगदी तुझ्या मापानं. गवंडी चिमाजीबाबांनी एका हाती केलं. म्हातारा सत्तरीला टेकलाय, पण ओळंबा लावला की केसभर हलत नाही. मूळचा आंबेगावचा. डिंभ्याच्या धरणात गाव गेलं तेव्हा लोकांनी वासे काढले, पत्रे काढले. यानं घराचा उंबरा उपटला आणि खांद्यावर घेऊन आला. तुझ्या पत्रातला मापाचा भाग मी त्याला वाचून दाखवला. तेव्हापासून रोज विचारतो, की पोरगी कवा येनार. दांडा पक्का आहे का म्हणून स्वतः लोंबकळून पाहिलं. उताराची परीक्षा मी केली. चिमाजीबाबांना हातगाडीवर बसवलं आणि एका हातानं वर नेलं. मजूर हसून बेजार झाले.

पाहणी बुधवारी, तीन फेब्रुवारीला आहे. जीप पाठवतो. फक्त दारापुढचं किरकोळ काम राहिलंय, ते चिमाजीबाबा दोन दिवसांत उरकतील.

येताना पाणी पिऊन ये. भावाचा शब्द आहे.

तुझा दादा,
अमृत


ओतूर,
ता. ७ फेब्रुवारी १९९९

चि. ठकू हिस,
अ. आ.

जीपमध्ये बसताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरोबर केलंस. मीही तुझ्याकडे पाहू शकलो नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. शौचालयाच्या दारातला तो उंबरा मी आदल्या संध्याकाळीच पाहिला होता. काळ्या दगडाचा, घडीव, चार बोटं उंच. चिमाजीबाबा त्याला हळदकुंकू वाहत होते. मला म्हणाले, की बहिनीचं दार बोडकं कसं ठेवायचं, बिनउंबऱ्याचं दार गोठ्याला असतंय. हा दगड त्यांनी घरी बसून घडवला होता, तुझ्यासाठी म्हणून. ठकू, माझं तोंडच उघडलं नाही. मनात म्हटलं, चार बोटं तर आहेत, उचलून घेऊ.

तू एकच गोष्ट मागितली होतीस.

साहेबांनी महिनाअखेरपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं आहे. शिव्या दे, पण लिही. तुझा लोभ मागायला तोंड नाही.

अमृत


लोणी,
ता. १९ फेब्रुवारी १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळून बरेच दिवस झाले. राग येईल, मग लिहू, म्हणून थांबले होते. आला नाही. तेव्हा तसंच लिहिते.

त्या दिवशी तुझ्या शब्दावर निघताना मी दोन पेले पाणी प्यायले. ओतूरला वहिनीनं चहा दिला, तोही घेतला. साडेबाराला घड्याळाप्रमाणे मी निघाले. उतार चढताना कुणाचा हात लागला नाही. दार रुंद होतं, दांडाही दिसला. मग पुढची छोटी चाकं दगडाला लागली. मागे घेऊन पुन्हा लावली. तीनदा लावली. मागून तू म्हणालास, की थांब, उचलतो. मी नको म्हटलं. तू दोन माणसांना हाक मारलीस. मी नको म्हटलं. तू पहारीनं दगड काढायला निघालास, तेव्हा वेळ होऊन गेली होती.

मला कळलं नाही. समोर साहेब एकदम हातातले कागद वाचायला लागले, तेव्हा मी खाली पाहिलं. पाणी उतारावरून सरळ खालपर्यंत गेलं होतं. उतार बरोबर बांधला आहे.

घरी आल्यावर आईनं लुगडं धुतलं. ती रडली. मी तिच्याकडे बघत बसले. रडायला यायला हवं होतं एवढं कळत होतं. कमरेखालचं जसं आहे तसंच आता वरचंही झालं असावं.

चिमाजीबाबांना काही बोलू नकोस. मी तरी कुठे लिहिलं होतं की उंबरा नको? दार, दांडा, कडी, सगळं मोजलं. उंबऱ्याचं सुचलंच नाही. दाराला तो नसू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही, मग त्यांच्या कसं येणार?

बूथ पुढच्या माणसाला जाऊ दे. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. लोभ होता तसाच आहे.

ठकू


ओतूर,
ता. २४ फेब्रुवारी १९९९

चि. ठकू हिस,
अ. आ. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मी चिमाजीबाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. लग्नाच्या मापाचं, चौघांनी उचलल्याचं, पाणी बंद करण्याचं, सगळं. तुला न विचारता वाचली, त्याचा राग धर. नोव्हेंबरातलं तेव्हाच पूर्ण वाचलं असतं तर ही वेळ आली नसती.

ऐकून ते उठले. छिन्नी-हातोडा घेऊन गेले आणि दगड काढला. मी म्हटलं, की टाकून देतो. तर माझ्यावरच खवळले. उंबरा टाकत नसतात म्हणे. दारात आडवा चर खणून त्यांनी तो दगड आत उतरवला, वरची कड फरशीला लागेपर्यंत. पाणसळ लावून सपाटी पाहिली. मग माझ्याकडून एक गोटी मागून घेतली आणि बाहेरून आत सोडली. ती कुठे अडली नाही. मला म्हणाले, की उंबरा हाय, पन आता आडवा न्हाई, एवडं तिला कळव.

साहेबांना भेटून मी पंधरा मार्चपर्यंत मुदत घेतली आहे. मी मात्र तेव्हा इथे नसेन. ठेकेदारानं मला आहुप्याला आश्रमशाळेच्या कामावर धाडलं आहे, उद्या निघतो. म्हणजे उचलायला मी नाही. वहिनी आहे, तिला मी ताकीद दिली आहे. ती म्हणाली, की मला शिकवू नका.

या वेळी शब्द देत नाही. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर बरं वाटेल.

तुझा दादा,
अमृत


ओतूर,
ता. २१ मार्च १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सहा नंबरच्या गाळ्यातून लिहिते आहे. मध्ये तीन फोन झाले, म्हणून अक्षर तुटक आलं आहे. एका बाईनं दुबईला फोन लावला आणि पूर्ण वेळ फक्त ऐकू येतंय का एवढंच विचारलं.

मी बारा तारखेला आले. आदल्या दुपारपासून पाणी बंद केलं होतं, तुला खोटं कशाला सांगू? साहेबांच्या आधी चिमाजीबाबा येऊन बसले होते. दगडावर त्यांनी तांदळानं भरलेलं माप ठेवलं होतं. वहिनी त्यांच्यावर तुटून पडली, शौचालयाच्या दारात कुणी तांदूळ ठेवतं का म्हणून. ते मला म्हणाले, की लवंड, जोरात लवंड, कोन काय म्हनत न्हाई.

पाय उचलत नाहीत म्हणून चाकानं लवंडलं. तांदूळ पार भांड्यापर्यंत गेले. खुर्ची आत गेली. दार लागलं. मी दांड्याला धरून बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. वहिनीनं दोनदा हाक मारली. काही झालं नव्हतं. आतून कडी लावून बसायला कितीतरी दिवसांनी मिळालं होतं, एवढंच. रडले नाही. बाहेर येऊन चाकातले तांदूळ काढत बसले, तेव्हा थोडं आलं.

चिमाजीबाबांनी त्या दिवसापासून बाजूच्या शौचालयांचे उंबरेही उतरवायला घेतलेत. ठेकेदार काय म्हणेल ते तू बघून घे.

आहुप्याच्या शाळेत मुलींसाठी बांधशील तेव्हा मला माप विचार. उंबऱ्याचं आधी लिहीन. वहिनी बरी आहे. आईला पत्र टाकलं आहे. तुझा लोभ असाच असू दे, आणि माझा आहे हे ध्यानात ठेव.

ठकू

ता. क. आज सकाळपासून मी तांब्याभर पाणी प्यायले. तहान लागली होती, म्हणून.