बाबांच्या अंत्ययात्रेतले पाहुणे

साकातेकास,
सोमवार

नाबोरदादास,

धाकट्या ओतिलियाचा वाकून नमस्कार. तिकडे सीमेपलीकडे तुझी पाठ कशी आहे? थंडीत जपतोस ना? इथे सगळे ठीक. (म्हणजे बाबा सोडून. त्यांना परवा पोचवलं.)

त्यांची इच्छा तुला ठाऊकच आहे: "मला रडत नेऊ नका, वाजवत न्या." जन्मभर पर्यटकांना ढोलावर गल्लोगल्ली नाचवलं, मग शेवटचा फेरा मुका कसा जाणार? पुढे तुतारीवाले, मध्ये बाबांची पेटी, मागे ढोल. (वाजवायला त्यांचा चेला फिदेन्सिओ. सारखा ठोका चुकत होता मेला! बाबांनी उठून कानफटात दिली असती.) कॅथेड्रलपाशी पोचलो आणि घोटाळा झाला. शनिवार, गाव पाहुण्यांनी फुललेलं. वाजंत्री दिसली की गळ्यात मातीचा इवला पेला अडकवून मागे लागायचं, गाढवावर लादलेली मेस्काल दारू पीत नाचायचं, हे त्यांना आपणच शिकवलेलं. झालं! लागले की नाचायला! खांद्यावरची पेटी त्यांना दारूचीच वाटली. एका टकल्याने पेला पुढे करून आईलाच विचारलं, "मावशी, आज गाढव नाही वाटतं?" आई म्हणाली, "आहे की, पेटीत. जन्मभर माझं एक ऐकलं नाही त्याने." आणि हसता हसता मटकन खालीच बसली रे.

मग पेटीत कोण ते कळलं आणि सगळ्यांनी ओशाळून पेले खाली केले. कुणीतरी अवघडून मला विचारलं, हे देऊळ किती जुनं? मी पडले गाइड! डोळे गळतायत आणि तोंड चालू: हा गुलाबी दगड इथलाच, हे कोरलेले द्राक्षवेल बघा, ही सगळी चांदीच्या खाणींची कमाई, खाली किती मेले ते कुणी कोरलं नाही. आईने डोळे पुसले आणि सगळ्यांना दटावलं, "थांबलात काय? नाचा. त्यांना आवडायचं." स्मशानापर्यंत नाचत आले बिचारे.

पेटीचा पुढचा उजवा खांदा थोरल्या मुलाचा. तो त्या टकल्याने दिला. चांगला माणूस होता, पण मला त्याचा फार राग आला.

तुझी,
ओतिलिया

ता. क. हे आई शेजारी बसून लिहवून घेतेय: "येऊ नकोस. तुझ्याकडे कागद नाहीत, एकदा इकडे आलास की तिकडचं दार बंद. कमावलेलं सगळं जाईल. मी मजेत आहे, दोन वेळा जेवते."

आणखी ता. क. "घेवडा उतू जाईल," म्हणत आई स्वयंपाकघरात गेली. दादा, परवापासून शेगडी पेटलेली नाही. ये.