आतोबांचं लाईटबिल आणि माझं नियोजन

७ एप्रिल, सोमवार

ही वही एक जानेवारीला घेतली होती. पहिल्या पानावर नाव टाकलं, हरेश, खाली दोन रेघा मारल्या आणि थांबलो. आळस नव्हे. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. मधे वीस दिवस गोव्याच्या बाजूला फिरून आलो तेव्हा घडत होतं, पण वही इथे राहिलेली. मग आज लिहू, उद्या लिहू करत एप्रिल आला. असो. आजपासून रोज. न चुकता.

आज कारणच तसं झालं. लाईट ऑफिसची नोटीस. ६,८४० रुपये. २२ तारखेपर्यंत भरा, नाहीतर कनेक्शन कट.

घर शकूआत्याचं, कोन गावात. मी दोन दिवसांसाठी आलो होतो, फेब्रुवारीत. आत्याचे यजमान काशिराम, म्हणजे माझे आतोबा. जन्मभर मिठागरात राबले, आता फुप्फुसं काम करत नाहीत. ऑक्सिजनचं मशीन लावलंय, प्लगवर चालतं, दिवसरात्र घुरघुरतं. पूर्वी बिल आठशे यायचं. आत्या पनवेलच्या बाजारात भाजी विकते. भाजी विकून मशीन चालत नाही.

आत्या म्हणाली, उद्या ऑफिसला जातंय, हप्ते करून देतात काय बघतंय. मी म्हटलं, आत्ये, हप्ते मागणं म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणं. मूळ प्रश्न, अशा घरांना मदत करायची जबाबदारी नक्की कोणाची? ते मी शोधून काढतो. आत्या म्हणाली, तू ते काढ, मी हप्ते काढतंय.

संकल्प: पंधरा दिवसांत जबाबदार माणूस शोधणे. सकाळी सहाला उठणे.

८ एप्रिल

साडेदहाला उठलो. ऊन फार आहे.

१० एप्रिल, गुरुवार

आत्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेली आणि इंजिनिअरबाईंना घरीच घेऊन आली. कीर्ती मॅडम. तरुण आहेत, स्कूटीवर आल्या. मशीन बघितलं, आतोबांच्या नाकातली नळी बघितली. आतोबांनी त्यांना बसायला खुर्ची द्यायला लावली आणि मला म्हणाले, उठ. ती खुर्ची माझ्याखाली होती.

मॅडम म्हणाल्या, बिल माफ करायचा अधिकार मला नाही. पण पेशंट मशीनवर आहे तोवर लाईन तोडू देणार नाही, रजिस्टरला तसा शेरा मारते. महिनाअखेर दोन हजार भरा, बाकीचे हप्ते पाडू. आत्याने त्यांना मेथीची जुडी दिली. त्यांनी घेतली नाही. मग आतोबांनी डोळे वटारले तेव्हा घेतली.

आत्या खूश. मी नाही. ही तात्पुरती मलमपट्टी. शिवाय एका बाईच्या शेऱ्यावर माणसाचा श्वास टांगून ठेवायचा, हे मला तत्त्व म्हणून पटत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज पायाला भिंगरी. नेत्याच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणाला, वीज कंपनीने सूट दिली पाहिजे, आमी पत्र देतो, पण लेटरहेड संपलंय. लाईट ऑफिसच्या खिडकीवरचा म्हणाला, सरकारने दिली पाहिजे, आमी फक्त वसूल करतो. गावच्या मंडळाचे खजिनदार म्हणाले, मंडळ फक्त मयताला मदत करतं, पाच हजार, त्याच दिवशी, रोख. मी म्हटलं, जिवंत माणसाला? ते म्हणाले, त्याचा ठराव नाय.

शेवटी बिल्डर धनेशशेठ. गावाच्या पाठी त्यांचा बावीस मजली टॉवर आहे. राहायला कोणी नाही, पण पार गच्चीपर्यंत निळे दिवे रात्रभर चालू. तो उजेड आत्याच्या स्वयंपाकघरात पडतो. मी शेठना माझा सिद्धांत सांगितला: ज्याच्या दिव्यांचा उजेड दुसऱ्याच्या घरात पडतो, त्याने त्या घराचं बिल भरावं. शेठ म्हणाले, मग तिचा लाईटीचा खर्च वाचतो ना, त्याचे तिने मला द्यावेत. सगळे हसले. मीही हसलो. नंतर राग आला.

परत येताना कळलं, आपटा गावात उद्यापासून अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस आहेत. बघू. बहुतेक जाणार नाही.

१५ एप्रिल

आपट्याहून लिहितोय. एका टीमला अंपायर कमी पडत होता, नाही म्हणवेना. नदीत पोहलो. पोहताना डोकं चालतं. आयडिया सुचली!

एकेकाला भेटून उपयोग नाही. पब्लिक प्रेशर पाहिजे. पनवेलमध्ये वाढदिवस असो नाहीतर नियुक्ती, बॅनर लागल्याशिवाय गोष्ट झाली असं कोणी मानत नाही. मग बॅनर लावायचा. लाईट ऑफिसच्या बरोब्बर समोर.

आत्याचा फोन आला. म्हणाली, कुठं हायस, मला बाजारात जायचं तर यांच्याजवळ कोण बसंल? शेजारच्या कोमलवैनी बसल्यात दोन दिवस. मी म्हटलं, कामात आहे. पाठीमागे कोणीतरी सिक्सर मारला आणि आरडाओरडा झाला. आत्याने फोन ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

निकेशच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. शाळेतला मित्र आहे, तरी डिस्काउंट देत नाही. त्याला नीट समजावलं. आतोबांचा मोठा फोटो. ब्लॅक अँड व्हाइट, कारण गंभीर विषय आहे. दोन्ही बाजूंना तेवती समई, कारण विषय विजेचा आहे. खाली ज्यांनी मदत करायला पाहिजे त्या सगळ्यांची नावं: नेते, शेठ, मंडळ, समस्त ग्रामस्थ. म्हणजे पळायला जागा नको. बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. आणि माझा दीड पानी लेख, मदत कोणी करावी यावर.

निकेश म्हणाला, लेख कोण वाचतंय, माणूस गाडीवर असतो, फोटो बघतो नि पुढं जातो. मी म्हटलं, टाक, बारीक अक्षरात टाक.

एकोणीसशे रुपये. माझ्याकडे तेवीसशे होते, अंपायरिंगचे धरून. आत्याने काल विचारलं होतं, तुझ्याकडं काय हाय का, हप्त्याला कमी पडतंय. मी नाही म्हटलं. पैसे मोठ्या कामासाठी राखीव होते.

२० एप्रिल, रविवार

निकेशने व्हॉट्सअॅपवर डिझाइन पाठवलं. तेव्हा आपट्याची फायनल चालू होती. अंगठा पाठवून दिला. लहान-सहान गोष्टींत पुढाऱ्याने अडकू नये.

२१ एप्रिल, सोमवार, संध्याकाळ

बॅनर लागला! दुपारपासून समोरच्या टपरीवर उभं राहून परिणाम बघितला. एवढा परिणाम मी अपेक्षिला नव्हता. एक रिक्षावाला थांबला, कपाळाला हात लावला. दोन बायकांनी हात जोडले. एक म्हातारा म्हणाला, मिठागरावर आमी संगतीला होतो, लय मोठं मन त्याचं. आणि डोळे पुसले. पब्लिक जागं होतंय. लाईट ऑफिसचा वायरमन बाहेर आला, बघत राहिला, टोपी काढली, आत गेला. खिडकीवरचा क्लार्कपण दारात आला. म्हणजे वरपर्यंत पोचलं.

बारीक अक्षरातला लेख मात्र कोणी वाचला नाही. लोकांची वाचनाची सवय गेलीय.

घरी आत्याला सांगितलं नाही. सरप्राइज. आतोबांना हळूच म्हटलं, उद्या तुमचं नाव सगळ्या पनवेलच्या तोंडी असेल. ते म्हणाले, कशाला? एवढं बोलायलाही त्यांना दोन श्वास लागतात.

२२ एप्रिल, मंगळवार, सकाळी १०.१५

नोटिशीची तारीख आज. पण शेरा आहे, बॅनर आहे. काळजीचं कारण नाही. आत्या बाजारात गेली. जाताना तीनदा म्हणाली, यांना सोडून हलू नको. आतोबा झोपलेत. पाच मिनिटं चहाला जाऊन येतो.

११.२०

लाईट गेली. मशीन बंद पडलंय. मी टपरीवर होतो, जास्तीत जास्त पाऊण तास. कोमलवैनी तिथे धावत आल्या. म्हणाल्या, वायरमन आलेला. चप्पल काढली, घराला हात जोडले, लाईटीच्या डांबावर चढला नि वायर तोडली. वैनी ओरडल्या, अरे दादा, काय करतोस? तो म्हणाला, माणूस गेला ना, शेरा खोडला साहेबांनी. सुतकाच्या घरात कसा येऊ, म्हणून बाहेरूनच करतोय. आणि गाडीवर बसून गेलासुद्धा.

माणूस गेला? कुठला माणूस?

लाईट गेली तर म्हणून ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावलाय. तो तासभर पुरतो असं डॉक्टर म्हणाले होते. लिहायला वेळ नाही, पण लिहिलं की डोकं चालतं.

११.३५

निकेशने पाठवलेलं डिझाइन पहिल्यांदा उघडून बघितलं.

फोटो. समया. नावं. श्रद्धांजलीच्या बॅनरला आणखी काय लागतं?

निकेशला फोन केला. तो म्हणाला, मला वाटलं काशिरामदादा गेले, म्हणून मी तुला जास्त काय विचारलं नाय. मी म्हटलं, लेख नाही वाचलास? तो म्हणाला, तू डिझाइन बघितलंस का?

११.४०

लाईट ऑफिसचा फोन बिझी. परत बिझी. परत. एकदा उचलला, खिडकीवरचाच होता. मी म्हटलं, काशिराम जिवंत आहेत. तो म्हणाला, तुमी कोण? मी म्हटलं, बॅनर लावणारा. त्याने फोन ठेवला.

सिलिंडरचा काटा खाली येतोय. आतोबांचे ओठ निळसर दिसतात. मला म्हणतात, घाबरू नको. मी घाबरलेलो नाही. नंबर परत लावतोय.

११.५५

कोमलवैनींनी त्यांच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड टाकला. मशीन लावलं, फटकन त्यांच्या घरचं बटण पडलं. लोड झेपेना. वैनी म्हणाल्या, फ्रिज बंद करते. मी म्हटलं, त्यात मासळी आहे ना विकायची? वैनी म्हणाल्या, मग काय तिला नाकात नळी लावू? आणि बंद केला. टीव्ही, पंखे, सगळं. परत बटण वर केलं.

मशीन घुरघुरलं.

पण वायर आत्याच्या घरात शेवटपर्यंत पोचत नव्हती, म्हणून आतोबांना खुर्चीसकट उचलून वैनींच्या ओटीवर आणलं. एका बाजूने वैनी, दुसऱ्या बाजूने मी. माझ्या बाजूने खुर्ची सारखी खाली जात होती.

वैनींकडे मी कधी मदत मागायला गेलो नव्हतो. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांचं स्वतःचंच बिल थकलेलं असतं.

१२.२०

आत्या आली. रिक्षातून नाही, रस्त्याने पळत. पाटी कुठे तरी टाकून आली. पनवेलला लाईट ऑफिसवरून रिक्षा वळली तेव्हा तिने तो फोटो बघितला. घरून निघताना जिवंत ठेवलेला नवरा. रिक्षा एक्स्प्रेस वेच्या फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकली, तिथून चालत, मग पळत.

ओटीवर आतोबा बसलेले बघून ती खालीच बसली. पायरीवर. त्यांचा पाय धरला. बराच वेळ धरून ठेवला. आतोबा म्हणाले, भाजी कुठं हाय? तर ती रडायला लागली.

माझ्याकडे बघितलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आत्ये, मी आत्ताच जाऊन बॅनर उतरवतो. ती आतोबांकडेच बघत म्हणाली, उतरव. आनि मग परत नको येऊ.

बॅग भरली. जास्त काही नाही. ही वही, दोन शर्ट, आपट्याची मेडलं. चारशे रुपये वैनींच्या फ्रिजवर ठेवले, मासळीचे. कमी आहेत, मला माहीत आहे.

१२.४५

निघता आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी स्कूटी थांबलीय. कीर्ती मॅडम. पांढरा ड्रेस, डोळे सुजलेले, हातात झेंडूचा हार. पुढे त्या उभ्या, मागे लपायला जागा नाही, कारण वैनींच्या ओटीवरून आतोबा त्यांना हात करतायत, आणि मला सांगतायत, खुर्ची आण.