माया कमी आहे

२ मार्च, सोमवार

आलो बाई एकदाचे! शिवायचं काम लागलं त्या दुकानाच्या मागचीच खोली मिळाली, आणि तीही तळमजल्यावर. जुन्या घराचे जिने चढून चढून आईच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. इथे ती दारातून सरळ बाहेर पडते आणि बाकावर जाऊन बसते, गावची जहागीर मिळाल्यासारखी. मी आल्या आल्या मोरी घासली, फडताळं पुसली, कोपऱ्यातली जळमटं काढली, तेव्हा कुठे पिशवीतले कपडे बाहेर काढले. आई हसते मला. म्हणते, तुला घाणीचं वावडं नाही, घाणीनंच तुझा धसका घेतलाय.

दुकान लहान पण नेटकं आहे. कापायचं लांब टेबल, इस्त्रीची फळी, भिंतीवर रंगवार लावलेली रिळं आणि मधोमध ती. संगणकावर चालणारं मशीन! मालकीणबाई तिला महाराणी म्हणतात. स्वतःच धागा ओवते, स्वतःच तोडते, वरच्या बारीक कॅमेऱ्यानं कापड मोजते आणि काय हवं-नको ते समोरच्या पडद्यावर लिहून दाखवते. आईची हयात पायमशीनवर गेली. तिनं लांबूनच बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. मालकीणबाईंनी ऐकलं. त्या हसल्या, पण नुसत्या ओठांनी. साठीच्या तरी असतील, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, सगळं कसं ढोलासारखं ताणलेलं. काय लावतात ते एकदा विचारायला हवं.

४ मार्च, बुधवार

एका हॉटेलातल्या वाढप्यांचे कोट शिवायला घेतले. पहिल्याच बाहीला महाराणी अडली. पडद्यावर अक्षरं आली: माया कमी आहे. माया द्या.

मला हसूच आलं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखायचं, त्याला आम्ही शिवणारे माया म्हणतो. उद्या अंग भरलं तर शिवण उसवायची आणि ती माया काढून कपडा सैल करायचा. आईनं मला शिवण शिकवली तेव्हा पहिला धडा हाच दिला होता, की कापडात आणि माणसात माया भरपूर ठेवावी. पण माया सोडतात, राखतात. देत कुणी नाही. पडद्यावरचं भाषांतर करणाऱ्यानं जन्मात कधी बटणसुद्धा लावलं नसणार.

बोटभर माया सोडून बाही पुन्हा कापली. तेच. दोन बोटं सोडली. तरी तेच. मशीन बंद केलं, चालू केलं, चार शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे शिवण पडली. एवढ्या मोलाचं यंत्र आणि नखरे मात्र माहेरी आलेल्या लेकीचे. आई म्हणाली, मशीन अडलं की आधी त्याचं तोंड उघडून आत काय अडकलंय ते बघावं. शनिवारी बघीन.

७ मार्च, शनिवार

आज मशीनचं तोंड उघडलं.

सुईखालची पट्टी काढली. तिथे कापडाचा कीस साठतो हे मला काय नवीन आहे? पण तो कोरडा असतो, फुंकर मारली की उडतो. हा ओला होता. चिमट्यानं ओढला तर तुटेना, शेंबडासारखा लांबत आला. त्यात केस होते, नखांची कातरणं होती, आणि टाचा घासल्यावर निघतात तसे कातडीचे पिवळट पापुद्रे. वास न बदललेल्या बँडेजचा. मशीन सकाळपासून बंद होतं, तरी तो लगदा कोमट होता. मी मोरीवर जाऊन ओकले. नंतर कोपरापर्यंत हात धुतले, तरी जेवताना घास तोंडाशी नेववेना.

मालकीणबाईंनी मेकॅनिक बोलावला. हा म्हणे नेहमी येतो. त्यानं झाकण उघडलं, बोट न घालता नुसतं डोकावून पाहिलं आणि यंत्रात काही बिघाड नाही म्हणाला. मग तक्रार कशाची येते, असं मी विचारलं. तो म्हणाला, तक्रार नाही ती, मागणी आहे. आणि माझ्याकडे न बघता हत्यारं गोळा करून निघाला. बिल मात्र न चुकता फाडलं.

१० मार्च, मंगळवार

हॉटेलचा मुकादम एक कोट परत घेऊन आला. शिवणी टोचतात, वाढप्यांच्या अंगावर वळ उठतात, अशी त्याची तक्रार. मला आधी राग आला. माझ्या शिवणीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मग कोट उलटा करून पाहिला. शिवण वर आली होती, फुगीर, गुलाबी, चकचकीत, बऱ्या होत आलेल्या जखमेसारखी. बोट लावलं तर दबली आणि परत वर आली.

मुकादम गेल्यावर उसवायला घेतली. पहिला टाका कापला आणि आतून पाणी आलं. पिवळसर, चिकट, फोड फुटल्यावर येतं तसं. कात्री तिथेच टाकली. तो कोट मी काठीनं उचलून कचऱ्यात नेऊन टाकला.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोडून जाऊ या का? तिच्या गुडघ्यांकडे बघून मी नाही म्हटलं. आता वाटतं, तेव्हाच हो म्हणायला हवं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

दुपारी माझ्याआधी इथे शिवायला असलेली ताई आली. मालकीणबाई बँकेत गेल्यात हे बघूनच आली असावी. हात कोटाच्या खिशातून काढायला तयार नव्हती. चहा दिला तेव्हा काढावेच लागले. बोटं सगळी जागेवर, पण कातडी अशी आवळलेली की मूठ वळेना. पेर वाकवलं की ते पांढरं पडायचं, आता फाटतंय असं वाटायचं. कप तिनं दोन्ही तळव्यांत धरला. कानांच्या पाळ्या नव्हत्या. पापण्याही पुऱ्या मिटत नव्हत्या. चहा पिताना डोळ्यांतून सारखं पाणी गळत होतं आणि तिला ते पुसताही येत नव्हतं.

ती म्हणाली, आधी नखं दिली. मग टाचांची कातडी. मग अंगावर जास्तीचं म्हणून जे जे होतं, ते सगळं. नखं दिली की महिनाभर झकास चालते. मी म्हटलं, पण इतकं सोसलंस कशाला, लेकराबाळांची तू. ती म्हणाली, मुलगा आहे, पण आता त्याच्याबद्दल काही वाटत नाही. हे अगदी आज भाजी आणली नाही अशा सुरात म्हणाली. मला घाण वाटली तिची. हे लिहायला लाज वाटते, पण वाटली. ती गेल्यावर मी तिचा कप फोडून टाकला.

संध्याकाळी मालकीणबाई आईजवळ बाकावर बसल्या होत्या. आईच्या दंडाची लोंबती कातडी त्यांनी चिमटीत धरली होती, दुकानात कापड पारखावं तशी. मला म्हणाल्या, तुमच्या आईच्या अंगात माया केवढी आहे हो! आईला वाटलं कौतुक चाललंय. ती लाजून हसली.

१७ मार्च, मंगळवार

तीन दिवस महाराणीनं एक टाका घातला नाही. माया द्या, माया द्या. हॉटेलचा मुकादम रोज येऊन तोंडाला येईल ते बोलतो. आज चिडून पट्टीखाली हात घातला आणि कापड पुढे ओढणारे खालचे दाते आपोआप फिरले. बोटाच्या टोकाची सालटी निघाली. रक्त नाही. आतून बोट अलगद चोखलं गेलं, जिभेनं चोखावं तसं. ओलं होतं ते.

आणि मशीन सुरू झालं. सबंध कोट एका दमात शिवला, टाक्याला टाका जुळलेला. इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. क्षणभर मला आनंद झाला. त्या आनंदाची किळस अजून जात नाही.

मालकीणबाईंना सांगून टाकलं, रविवारी खोली सोडते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमची मर्जी, पण हातातले कोट पुरे करून जा. आई शेजारी उभी होती. माझ्या बोटाची पट्टी बघून तिचे डोळे भरून आले.

१९ मार्च, गुरुवार

भाड्यानं टेम्पो मिळतो का ते बघायला गेले होते. परत येताना लांबूनच मशीनचा आवाज ऐकला. अखंड, एकसुरी. कोण चालवतंय?

आई. महाराणीसमोर स्टूल घेऊन बसली होती. शिवलेले कोट घडी घालून बाजूला रचलेले. मी किंचाळले. तिनं वळून पाहिलं आणि हात वर करून दाखवले. दंडाला लोंबणारं काही उरलं नव्हतं. काखेपासून कोपरापर्यंत बारीक, सरळ शिवण, आत दुमडलेली. म्हणाली, तुझी बोटं तरुण आहेत, त्यांना अजून खूप शिवायचंय. माझ्याकडे काय, जास्तीचंच होतं सगळं. दुखत नाही गं, हलकं वाटतंय.

मी तिचे पाय धरून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ओढलेला होता, चकचकीत. मला शहारा आला आणि तिला तो कळला.

२० मार्च, शुक्रवार

रविवारपर्यंत थांबत नाही, टेम्पो उद्या सकाळीच येतो. मशीनची तार भिंतीतून काढली. चालूच आहे.

सकाळी आईचा गळा— गळ्याखालची वळी गेली. गाल गेले. ओठ मिटत नाहीत. मी मोरीत गेले की आई जाऊन बसते आणि आवाज सुरू होतो. खोलीला कुलूप लावलं तर मालकीणबाईंकडे दुसरी किल्ली.

जेवण भरवायला बसले. तिनं मला विचारलं, तुम्ही जेवलात का. तुम्ही. मला वाटलं थट्टा. आई थट्टा करतेच. मी म्हटलं, अगं मी— ती म्हणाली, हो, नवीन शिवणाऱ्या ना.

घास तिच्या तोंडातून बाहेर आला. गाल नाहीत त्याला धरायला. मी पुसला. मला किळस आली, माझ्याच आईची. देवा, माझ्याच आईची.

२१ मार्च, शनिवार

टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून गेला.

डाव्या हातानं लिहितेय. वही एप्रनच्या खिशात होती म्हणून. आईला स्टुलावरून ओढायला गेले आणि पाय खाली आला, मशीनचा, कापड दाबून धरतो तो. उजवी बाही अडकली. आधी वाटलं बाहीच. टाके मनगटापर्यंत आलेत. दुखत नाही. तेच तर— गुदगुल्या होतात, ओल्या.

पडद्यावर: माया कमी आहे.

हाका मारल्या. मालकीणबाई दारातून बघून गेल्या. आई स्टुलावरून उठून जवळ आली. आई, मला सोडव. आई, कात्री तिथे आहे, टेबलावर. तिनं ऐकलं. टेबलाकडे गेली. कात्रीला हात लावला नाही. मोजपट्टी घेतली, गळ्यात टाकली, जशी नेहमी—

मोजतेय. माझा दंड. कोपर. चिमटीत धरून बघतेय, कुठे किती सुटतंय. बोटं थंड आहेत. मी म्हटलं, आई, मी तुझी. तिनं मान हलवली, गिऱ्हाइकाला हलवावी तशी, आणि म्हणाली, हात सैल सोडा बाई, ताणून धरू नका. निघेल थोडी. इथे, कानामागे अजून थोडी मा