फोटोत बंद असलेली खिडकी उघडू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
वारसा जतन व बाजारपेठ पुनरुज्जीवन कक्ष,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जुन्या बाजारपेठेतील आमच्या घराची रस्त्याकडची वरची खिडकी तात्पुरती उघडण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा याआधीचा अर्ज. २) त्यावर आपल्या कक्षाने दिलेले उत्तर. ३) ‘मुदत नमूद नाही’ असा शेरा मारून परत आलेला तात्पुरत्या परवानगीचा नमुना.

महोदय,

एकाच खिडकीसाठी आपल्याला पुन्हा त्रास देताना संकोच वाटतो. आधीच्या अर्जात मलाच नीट मांडता आले नसावे असे धरून चालतो. म्हणून सगळे पुन्हा सांगतो. पाल्हाळ झाल्यास क्षमा असावी.

१. शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर मी आणि माझी पत्नी राहतो. रस्त्याकडे एक खोली, मागे स्वयंपाकघर, एवढेच घर आहे. खालच्या जागेत पूर्वी माझे वाचनालय होते. पुस्तके नेणारे कमी झाले आणि आणून देणारे त्याहून कमी, तेव्हा मी ते बंद करून जागा शिंप्याला दिली. पुढच्या खोलीला एकच खिडकी आहे. स्वयंपाकघराला फक्त धुराचा झरोका आहे.

२. ओस पडत चाललेली आमची पेठ पुन्हा नांदती करण्याचे काम आपल्या कक्षाने हाती घेतले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पत्र्याखाली झाकलेले कोरीव लाकूड मोकळे झाले, भिंतींना जुना रंग मिळाला. काम देखणे झाले आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण फोटोची आहे. पेठेचा एकच जुना फोटो सापडला आणि सर्व काही त्या फोटोबरहुकूम करावे असे ठरले. त्या फोटोत एकही दुकान उघडे नाही. फळ्या लावलेल्या, पाट्या उतरवलेल्या, खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

३. हा फोटो कोणत्या दिवसाचा आहे, हे मला माहीत आहे. त्याच्या आदल्या दिवशी नदीत नाव उलटून पेठेतली माणसे बुडाली होती. सगळी पेठ दुकाने बंद करून अंत्ययात्रेला गेली. मी तेव्हा लहान होतो, पण माझा थोरला भाऊ त्या नावेत होता, म्हणून लक्षात आहे. पेठ एरवी अशी कधीच दिसत नसे. पेठेचे जुने रूप परत आणायचे, तर ते दुसऱ्या कोणत्याही दिवसाचे असावे, असेही मी आधीच्या अर्जात लिहिले होते. त्यावर आपल्याकडून उत्तर आले की, ‘सदर माहितीमुळे छायाचित्राचे ऐतिहासिक मूल्य वाढले असून त्यात कोणताही बदल करणे आता उचित होणार नाही. सहकार्याबद्दल आभार.’ हे उत्तर मी पुष्कळदा वाचले. माझ्या अर्जाने पेठेचे नुकसानच झाले, असे मला वाटते. शेजाऱ्यांना मी हे अजून सांगितलेले नाही.

४. याचा परिणाम आपल्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे. दुकानांनी पुढच्या फळ्या लावून मागच्या बोळातून धंदा करावा, असा नियम झाला. बोळात गटार उघडे आहे. गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही. भांडीवाला दुकान विकून मुलीकडे गेला. शिंपी जाताना मला म्हणाला, “काका, पेठ जिवंत करायला आले आणि तिरडी बांधून गेले. तुम्ही पुस्तकं वाचलेली माणसं, तुम्हाला यातलं काही कळतं का हो?” मला काही कळत नव्हते. आता त्याचेही दुकान रिकामे आहे. लांबून माणसे बसने येतात, रस्त्याच्या मधोमध उभी राहून फोटो काढतात आणि जेवायला दुसरीकडे जातात.

एकदा मी दाराच्या पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. पेठेवर नेमलेल्या पहारेकऱ्याने शिट्टी मारली. “आजोबा, आत व्हा. फोटोत तिथं कुणी बसलेलं नाही.” तो आपले काम करतो, त्याचा दोष नाही. मी आत गेलो. तेव्हापासून बाहेर पडायचे असले की मीही बोळानेच जातो.

५. आता मूळ मुद्दा. आमच्या खिडकीला बाहेरून लाकडी पट्टी मारून ती बंद केलेली आहे. माझी पत्नी आजारी आहे. तिच्या फुप्फुसांचे काम फारसे उरलेले नाही. इस्पितळात करण्यासारखे काही राहिले नाही, घरी न्या, मोकळी हवा द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. दाखला सोबत जोडला आहे. घरात पंखा आहे, पण तो आतलीच हवा फिरवतो. स्वयंपाकघरात तिची खाट लावून पाहिली. तिथे तिला जास्तच कोंडल्यासारखे झाले, म्हणून परत आणली.

याच खिडकीपाशी तिचे आयुष्य गेले. दोरीला टोपली बांधून ती खाली सोडायची आणि भाजीवालीशी वरूनच घासाघीस करायची. “अगं, पाण्याचं वजन करतेस का पालेभाजीचं?” असे ती ओरडली की खालची दुकाने हसायची. मी आत पुस्तकात तोंड खुपसून असायचो. रस्त्यावर काय चालले आहे, हे मला तिच्याकडूनच कळत असे. आता ती बंद फळीकडे तोंड करून पडलेली असते आणि मला विचारते, “बाहेर कोण आहे हो?” मी काहीतरी सांगतो. मला रचून सांगता येत नाही, हे तिच्या लगेच लक्षात येते.

६. ज्या सुताराने पट्टी मारली त्याच्याकडे मी गेलो होतो. तो म्हणाला, “मीच ठोकलं आणि मीच उपटलं तर मला पुन्हा सरकारी काम कोण देईल? कागद आणा काका, आत्ता येतो.” माणूस चांगला आहे. मी स्वतः पट्टी काढावी, असेही मनात आले. पण ती बाहेरून आहे, आणि विनापरवानगी हात लावल्यास घराला मोहोर लावून ते बंद करण्यात येईल अशी नोटीस दारावर आहे. मोहोर लागली तर तिला घेऊन मी कुठे जाऊ? आधीच्या अर्जाच्या सुनावणीच्या दिवशी हेच आपल्यासमोर बोलायचे म्हणून मी घरून तयारी करून आलो होतो. आपण “थोडक्यात सांगा” म्हणालात. मला थोडक्यात सांगता येईना. मी आभार मानून खाली बसलो. त्या दिवशी बोललो असतो तर कदाचित हा अर्ज करावा लागला नसता.

७. आपल्या कारकुनांनी सुचवल्याप्रमाणे तात्पुरत्या परवानगीचा नमुना भरून दिला, तो परत आला. त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने आहेत. ‘पासून’मध्ये मी ‘आज’ असे लिहिले होते. ‘पर्यंत’ कोरा सोडला होता. कारकून म्हणाले, “आजोबा, तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत, ते नको का कळायला?” त्यांचे बरोबर आहे. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, अशी तारीख कुणी लिहून देत नसते. मग तो नमुना घेऊन मी घरी बसून राहिलो. तिच्यापुढे बसून ती तारीख लिहायला माझा हात उचलेना. तिनेच विचारले, कागद कसला म्हणून. खोटे सांगता आले नाही. ती म्हणाली, “आणा इकडे. एवढंसं लिहायला किती घाबरता! जन्मभर माझ्या ब्लाउजला किती कापड लागेल तेसुद्धा मीच सांगत आले ना?” आणि तिने चष्मा मागितला.

८. म्हणून सोबतच्या नमुन्यात ‘पर्यंत’ या रकान्यातली तारीख माझ्या हस्ताक्षरातली नाही, ती पत्नीने घातली आहे. ती तारीख मला फार जवळची वाटते. मी तसे म्हटले, तर ती म्हणाली, “पुरे तेवढी. साहेबांना जास्त अडवू नका.” नमुन्यात खाडाखोड चालत नाही, असे आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर लिहिलेले आहे, त्यामुळे मी ती तशीच ठेवली आहे.

मात्र तारीख बदलण्याचा अधिकार परवानगी देणाऱ्यास असतो, असे कारकुनांनी मला सांगितले. तरी कृपा करून परवानगी देताना आपण आपल्या पेनाने ती खोडावी आणि तिच्या जागी पुष्कळ पुढची घालावी. ती केवढी पुढची असावी, हे मी सुचवणार नाही. आपल्याला देता येईल तेवढी द्यावी. तो कागद मी तिला दाखवीन.

आपला वेळ घेतल्याबद्दल ओशाळलेला,

(सही)
अर्जदार,
शिंप्याच्या रिकाम्या दुकानावरचा मजला, जुनी पेठ.

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत : डॉक्टरांचा दाखला. परत आलेला नमुना, आता पूर्ण भरलेला. पेठेच्या फोटोची प्रत, आमच्या खिडकीभोवती पेन्सिलीने गोल करून.