वेगळी नळी

प्रिय ओर्नेला,

गेल्या रविवारी 'माते' नावाच्या आपल्या कडू चहाचा तुंबा फिरत फिरत तुझ्याकडे आला आणि तू पर्समधून स्वतःची नळी काढलीस, तेव्हापासून तुझ्या आजीचं तोंड बंद नाही. "सगळं घर एका नळीने पितं, हिलाच आमचं उष्टं चालेना? रोसारिओ शहरात जाऊन शिंगं फुटली," हे शेजारणीलाही सांगून झालं. मी म्हटलं, नळीला गव्हाच्या बिस्किटाचा कण लागला तरी तिचं पोट बिघडतं. तर म्हणते, "आमची पोटं कशी नाही बिघडली?"

खरं सांगू, संशय मलाही होता. इथल्या दुकानात आता 'यात गहू नाही' सांगणाऱ्या, खोडलेल्या ओंबीच्या शिक्क्याचं अख्खं कपाट झालंय. दह्यावर शिक्का, मिठावर शिक्का. मिठात गहू कुठून येणार? पार्लरवाली ग्रासिएला वजन उतरवायला तसला पाव खाते आणि शनिवारी चोरून पिझ्झा हाणते. तूही त्यातलीच, असं वाटायचं. तुझ्याबरोबर डॉक्टरकडे आले ती तुझी लबाडी पकडायलाच.

त्यांनी तुला गहू खरंच सोसत नाही असं सांगितलं आणि विचारलं, घरात पूर्वी कुणाला असं होतं का? मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. माझी धाकटी बहीण होती, देल्फिना. हातापायांच्या काड्या, पोट नगाऱ्यासारखं. तीन वर्षांचीही झाली नाही. अंगी लागावं म्हणून आई, म्हणजे तुझी आजी, तिला मांडीवर घेऊन रव्याची लापशी भरवायची, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. घास गिळला की टाळ्या वाजवायची.

परवा टीव्हीवर एक डॉक्टरीण सांगत होती, पोर वाळतं, पोट फुगतं, गहू बंद केला की सुधारतं. आईने आवाज वाढवायला सांगितला, मी चॅनल बदललं. तेव्हापासून ती माझ्याकडे टक लावून बघते. काल म्हणाली, "लहान पोरांचं काय सांगत होती गं ती?"

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी नळी आण, डबा आण, पण आजाराचं नाव काढू नकोस. बारीक व्हायचंय म्हण, शहरात सगळ्याच असं करतात म्हण. ती तुला नखरेल म्हणेल, चारचौघांत हसेल. हसू दे. तिला तुझं खरं वाटलं, तर आपल्याच हाताने देल्फिनाला काय भरवलं हे तिच्या लक्षात यायला वेळ लागणार नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे ती. तेवढं तिला कळू नये.

तुझ्यावर आता संशय न घेणारी,
तुझीच आई