अकरा कपडे आणि धुळ्याचा चहा

४ मे, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मराठीतच. इंग्लिश मीडियमच्या पोरांना मराठी येत नाही म्हणतात. मला येतं. (चौऱ्याहत्तर म्हणजे किती, एवढंच विचारावं लागतं.)

मेन पॉइंट. १८ तारखेला फॅमिली ट्रिप, जळगाव ते दमण, बाबांच्या गाडीतून. वाटेत धुळ्याला गिरधरभाऊंकडे चहा. आई म्हणाली, सहज. डिंपल म्हणाली, दादा, सहज चहाला कुणी पेढे नेतं का? त्यांची मुलगी दीपमाला. बी.फार्म. भावाबरोबर मेडिकल चालवते. मी अजिबात एक्साइट झालेलो नाही. तिचा फोटो अकरा वेळा पाहिला तो रिसर्चसाठी.

याआधी दोन ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. एक वर्ष झालं, कळवतायत. चूक कुठे झाली ते आता कळलंय. कपडे.

निर्णय: कॅप्सूल वॉर्डरोब. म्हणजे मोजकेच कपडे, पण सगळे एकमेकांवर जाणारे. पाच शर्ट, तीन पँट, एक शॉर्ट्स, एक ब्लेझर, एक हॅट. अकरा वस्तू, तेहतीस आउटफिट, एक छोटी बॅग. दोन महिने व्हिडिओ बघतोय. धुळ्यात हे कुणी पाहिलेलं नसणार.

६ मे
फुले मार्केट. लिनन. रंग सँड. दुकानदार रतिलाल शेठनी विचारलं, कुणाच्या दारावर जायचंय का भाऊ? म्हणजे कुणी वारलंय का. म्हटलं, शेठ, हा सँड आहे. ते म्हणाले, सँड म्हणजे वाळूच ना, ती तर गिरणेच्या पात्रात पडलीय.
मार्केट अजून तयार नाही.

९ मे, दुपारी २
४५ डिग्री. ट्रायल म्हणून फुल आउटफिट घालून टू-व्हीलरवर ऑफिसला (ठिबकच्या डीलरकडे मार्केटिंग बघतो). लिनन श्वास घेतं असं व्हिडिओत म्हणाले होते. मला घेता येत नव्हता.
चौकात पोचेपर्यंत शर्टचा बोळा. पण सुरकुती हीच लिननची पर्सनॅलिटी.
घरी आबांनी (आजोबांनी) पलंगावर मांडलेले कपडे पाहिले. म्हणाले, हाई काय शे रे? बठ्ठा कपडा एकच रंगना? तुले काय व्हयनं? मग आईला हाक मारून म्हणाले, पोराकडे लक्ष दे.

१२ मे
आई शिकतेय! धुळ्याच्या ताईबाई मावशीशी फोनवर बोलत होती (स्थळ मावशीनंच आणलंय). मी स्वतः ऐकलं: "काय सांगू अक्का, दोन महिने झाले, त्याचं ते कॅप्सूलचंच चालूय. दुसरं काही सुचत नाही त्याला." मग आई तीनदा हॅलो म्हणाली.
मावशी इम्प्रेस झाली असणार. हे दीपमालापर्यंत पोचणार. पब्लिसिटी फुकट.

१५ मे
बाबांनाही कॅप्सूलवर आणायचं ठरवलं. कपाट उघडलं तर पाच बुशशर्ट, पाचही पिस्ता कलरचे. तीन पँट, तिन्ही ब्राऊन. डिंपल म्हणाली, दादा, बाबांची कॅप्सूल माझ्या जन्माआधीपासून चालूय, फक्त त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
तिला फिलॉसॉफी कळत नाही.

१७ मे, संध्याकाळी ६
पॅकिंग कम्प्लीट. सगळे कपडे गुंडाळून ठेवले. बॅगेत जागा उरली! पद्धत सिद्ध झाली.

संध्याकाळी ७.३०
जागा उरलेली आईला दिसली. आता बॅगेत नागलीचे पापड, केळीचे वेफर्स, मावशीची ज्वारीची बिबडी आणि आबांचं घोंगडं. तीन शर्ट आणि एक पँट बाहेर. आई म्हणाली, दोन दिवसांसाठी तुला किती लागतात? म्हटलं, तीन दिवस. म्हणाली, मग धू.
सात वस्तू. नीट विचार केला तर सात म्हणजे जास्तच प्युअर. अकरा जरा दिखाऊ होतं.

१८ मे, दुपारी ४, गाडीत, नवापूरच्या अलीकडे
सक्सेस!!
बाबांनी धुळ्यापर्यंत एसी लावला नाही, ॲव्हरेज पडतं म्हणून. ब्लेझरसकट उतरलो. गिरधरभाऊंनी दारातच विचारलं, गाडीला काही झालं का रस्त्यात?
चहा म्हणत जेवायलाच बसवलं. शेवभाजीचा रस्सा सँडवर थोडा सांडला. ॲक्सेंट कलर.
मग आई आत दीपमालाच्या आई मंजुळाबाईंजवळ गेली, बाबा फोनवर, आबा खुर्चीत झोपलेले. दीपमाला समोर बसली आणि पहिलाच प्रश्न: कॅप्सूल कधीपासून चालू आहे?
तिला माहीत होतं! म्हटलं, दोन महिने. तिनं विचारलं, किती? म्हटलं, अकरा होत्या, आईनं कालच सातवर आणल्या. रोज? रोज. फक्त कॉम्बिनेशन बदलायचं. कुणाच्या सल्ल्यानं? म्हटलं, यूट्यूब. गिरधरभाऊंनी हातातली बशी खाली ठेवली.
तिनं हळूच विचारलं, सोडायचा प्रयत्न केला का कधी? म्हटलं, आता सुटणं शक्यच नाही, उलट लग्नानंतर बायकोलाही हळूहळू लावायची इच्छा आहे. इथे डिंपलला जोराचा खोकला आला, ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.
घाम पुसायला रुमाल काढला तर खिशातून कांदा. ऊन लागू नये म्हणून आईनं टाकला होता. घरंगळत दिवाणाखाली. गिरधरभाऊंनी वाकून काढला, माझ्या हातात दिला, म्हणाले, असू द्या भाऊ, जवळ ठेवा. एकदम घरच्यासारखं.
निघताना दीपमाला म्हणाली, काळजी घ्या. दोनदा म्हणाली.
दोनदा!

१९ मे, दमण, सकाळी ११
समुद्रात गेलो. उरलेला शर्ट ओला झाला आणि पूर्ण पारदर्शक झाला. हॉटेलवाला न मागता टॉवेल घेऊन आला.

१९ मे, दुपारी १
मावशीचा फोन. या वेळी लगेच कळवलं. नाही म्हणाले. आईला मावशीनं विचारलं, पोराला कसल्या गोळ्या चालू आहेत ते आधी सांगायचं नाही का? तेही डॉक्टरला न विचारता, यूट्यूबवर बघून!
आई अर्धा तास माझ्याकडे बघत होती. आबा म्हणाले, मी सांगेल व्हतं, लक्ष दे.

१९ मे, दुपारी ३
गैरसमज आहे, बस. एका शब्दाचा. डिंपलला कालच सगळं कळलं होतं. म्हणाली, सॉरी दादा, हसू आवरेना, बोलता आलं नाही. आता मावशीकडून नंबर घेऊन दीपमालाला फोन करतेय. कॅप्सूल म्हणजे कपडे, एवढंच सांगायचंय. पाच मिनिटांचं काम. ब्लेझर इस्त्रीला टाकून ठेवतो, परतीला पुन्हा धुळं लागतंच.

१९ मे, संध्याकाळी ५.४०
डिंपल फोन करून आली. बराच वेळ वेफर्स खात बसली. मग म्हणाली, सगळं नीट समजावलं दादा. दीपमालानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे कपडेच? औषध नाही? नक्की?
मग म्हणाली, औषध असतं तर विचार केला असता. ते कधीतरी बंद होतं.

२० मे
परतीला गाडी धुळ्याच्या बायपासनं घेतली.
बाबांचा पिस्ता बुशशर्ट घातलाय. खांद्यात बसतो. सुरकुत्या पडत नाहीत. खिसा मोठा आहे, कांदा आरामात राहतो.
बाबा म्हणाले, राहू दे तुलाच, माझ्याकडे अजून चार आहेत.