जमिनीशिवाय चिनी क्रांती शिकविण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
घोडतीर कला महाविद्यालय, शिरूर, जि. पुणे

विषय : 'आधुनिक चीनमधील क्रांतिकारी चळवळी' हा पेपर पूर्ववत सुरू करण्याबाबत.
संदर्भ : जमिनीचा उल्लेख टाळण्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार इतिहास विभागात तासिका तत्त्वावर शिकवितो व दौंडहून एसटीने, ती नसल्यास मिळेल त्या जीपने येतो. सदर पेपर घ्यायला कोणी तयार नसल्याने विभागाने तो अर्जदाराच्या गळ्यात मारला. पुढे अर्जदाराचा त्यात जीव गुंतला, त्यास विभाग जबाबदार नाही.

२. चीनमधील क्रांतिकारक खेड्यात जाऊन जमीन कोणाची आणि राबतो कोण, असे विचारत. पुस्तकातून हे मुलांच्या डोक्यात शिरेना, म्हणून अर्जदाराने तेच प्रश्न देऊन त्यांना इनामगावास नेले. तेथे प्राचीन वस्तीचे उत्खनन झालेले असल्याने इतिहासाची माणसे आली की तेथील लोक आपणहून उत्खननाची जागा दाखवतात, चहा पाजतात. या खेपेस मुलांनी खापरांऐवजी जमिनीचे विचारले. जमिनीचे विचारतात म्हणजे योजना आली, असे समजून लोक सातबारा व आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन धावले. विद्यार्थिनी सारिका हिने, हा चीनचा अभ्यास आहे, असे खरे ते सांगितले. त्यावर गावातील वयोवृद्ध सावळाराम आप्पा म्हणाले, "चीनची आसंल तरी हरकत न्हाई. नाव तेवढं घाला."

३. त्यानंतर गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीतील एका पॅनेलने, हा विरोधकांचा छुपा सर्व्हे आहे, अशी तक्रार आपल्याकडे केली. दुसऱ्या पॅनेलनेही पाठोपाठ तीच तक्रार उलट्या दिशेने केली. अशा रीतीने अर्जदार दोन्हीकडचा माणूस ठरला. वास्तविक अर्जदाराचे मतदान दौंडला आहे.

४. आपण पेपर बंद केला. 'जमीन', 'शेतकरी' व 'सावकार' हे शब्द न वापरण्याची लेखी हमी दिल्यास तो सुरू होईल, मात्र क्रांती आचारसंहिता लागण्यापूर्वी आटोपावी, असे आपण कळविले. अर्जदाराने प्रामाणिकपणे तशी टिपणे काढून पाहिली. ते शब्द गाळले की चीनमध्ये पुष्कळ माणसे पुष्कळ दिवस चालत होती, एवढेच उरते. ती का चालत होती, असे परीक्षेत विचारल्यास मुलांनी काय लिहावे? परीक्षा तोंडावर आली आहे. शिकविलेच नाही तर मुले नापास होतील. अर्जदार या सगळ्याला आता विटला आहे.

५. म्हणून हमी लिहून देऊन मोकळे व्हावे, असे अर्जदाराने ठरविले होते. परंतु काल इनामगावच्या भागुबाई महाविद्यालयात आल्या. त्या दुसऱ्यांच्या शेतात शेवंती तोडायला जातात. सारिकाने त्यांनाही तेच प्रश्न विचारले होते. "जल्मभर राबले, पर तुझ्या नावावर काय हाय, आसं मला कुणी इचारलं न्हवतं," असे त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. काल त्यांनी अर्जदाराला विचारले, "पोरीनं लिव्हून न्येलं, त्याचं म्होरं काय झालं, सर?" अर्जदाराने सांगितले की, वरून बंद करायला लावले. त्यावर बाई म्हणाल्या, "मंग इचारलं कशाला?"

६. अर्जदाराला वाईट वाटले, लाजही वाटली. आता ती हमी अर्जदाराच्या हातून लिहिली जाणार नाही. तरी पेपर आहे तसा सुरू करावा. ते शक्य नसल्यास भागुबाई पुन्हा येतील तेव्हा आपण स्वतः गेटवर येऊन त्यांना उत्तर द्यावे.

आपला थकलेला, तरी नम्र,
(सही)
सत्यजीत पोपटराव फराटे
दौंड, दि. १८ मार्च २०२५